सावकाश डुलणारी बोट

जहाजं उलटू नयेत हे बघणं, हे माझं काम होतं. एकतीस वर्षं मी तेच केलं. कामाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, त्यात ‘संशोधन’ होतं, ‘सुरक्षा’ होती, ‘स्थिरता’ होती. पण कुणी विचारलं तर मी एवढंच सांगायची.

निवृत्त होऊन मी छत्रपती संभाजीनगरला परत आले. घर लावायला घेतलं तेव्हा गुलमंडीत पडद्याचं कापड घ्यायला गेले होते. दुकानदार बोलका होता. कुठं असता, काय करता, अशी चौकशी करता करता त्याला माझं काम कळलं, आणि त्याची कात्री कापडावर थांबली.

“जहाज? पानीवाला जहाज?”

“हो.”

“अन् रिटायर होऊन इथं आल्या? मॅडम, इथं नळाला आठ-आठ दिवस पानी नाय. इथं काय डुबणार?”

दुकानातले सगळे हसले, मीही हसले. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावची मुलगी या धंद्यात गेली कशी, हे मला आयुष्यभर लोकांनी विचारलं. उत्तर फार मोठं नाही. माझे वडील लासूर स्टेशनच्या बाजारात हमाल होते. बाबासाहेबांचा फोटो आणि पोरीचं शिक्षण या दोन गोष्टींत त्यांनी कधी तडजोड केली नाही. बारावीनंतर एका शिक्षकांनी जहाजबांधणीच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म आणून दिला, शिष्यवृत्ती मिळणार होती, मी भरला. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात प्रवेश घ्यायला गेले तेव्हा.

पहिल्या सुट्टीत घरी आले तर बाबांनी विचारलं, “शिकवतेत काय नेमकं?”

मी परातीत पाणी घेतलं, त्यात वाटी सोडली आणि बोटानं तिची कड दाबली. बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, आणि पाणी तिकडून तिला वर ढकलतं. म्हणून ती परत सरळ होते. बोटीचं वजन जितकं खाली, तितकं हे ढकलणं कामी येतं. वजन वर चढत गेलं की ते अपुरं पडायला लागतं. मग एक वेळ अशी येते, की कललेली बोट परत येतच नाही. कलते आणि कलतच जाते.

बाबा वाटीकडे बघत राहिले. “म्हंजी थप्पीच की,” ते म्हणाले. “जड पोतं तळाला, हलकं वर. नायतर वळणावर ट्रक पलटी. एवढ्यासाठी चार वर्षं लागतेत व्हय?”

चार वर्षं लागतात, कारण हे प्रत्येक बोटीचं वेगळं असतं आणि ते मोजावं लागतं. मोजायची रीत मात्र गवंड्यालाही कळेल अशी आहे. बोट शांत पाण्यात उभी करायची, दोर सैल सोडायचे. डेकवर माहीत असलेल्या वजनाचे लोखंडी ठोकळे ठेवायचे, आणि ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवायचे. बोट थोडी कलते. किती कलली ते बघायला आत एक लांब ओळंबा टांगलेला असतो, गवंडी भिंतीला लावतात तसाच. तो झुलू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या बादलीत बुडवतात. ओळंबा पट्टीवर किती सरकला यावरून गणित करून बोटीचा वजनाचा मध्य कुठं आहे ते काढता येतं. आम्ही याला कलचाचणी म्हणायचो.

वारा पडलेला हवा, म्हणून चाचणी भल्या सकाळी. एका मालकानं भटजीकडून दुपारी साडेबाराचा मुहूर्त काढून आणला होता, त्याला समजावता समजावता वारा सुटला आणि आमचा दिवस वाया गेला. दुसऱ्या एकानं चाचणीच्या आदल्या दिवशी बोटीच्या तळात सिमेंटची पोती दडवली होती, वजन खाली दिसावं म्हणून. मी तळाचं झाकण उघडायला लावलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, ती पूजेची आहेत.” असे लोक भेटायचे. त्यांच्या गोष्टी मी पुष्कळदा सांगितल्यात. जनार्दन तांडेलची सांगितलेली नाही.

तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, सुकाणू ज्याच्या हातात असतं तो. जनार्दन पंचेचाळिशीचा होता. बोट त्याची नव्हती, मालक वेगळा. मालकानं त्या वर्षी बोटीवर बरंच काम करून घेतलं होतं. केबिनवर दुसरी केबिन चढवली होती, तिच्या डोक्यावर गोड्या पाण्याची टाकी बसवली होती, आणि जाळी ठेवायला वरच लोखंडी माळा केला होता. नव्या कामासाठी प्रमाणपत्र लागणार होतं, म्हणून बोट आमच्याकडे आली.

मी ठोकळे मांडत होते तेव्हा जनार्दन शेजारी येऊन उभा राहिला. त्याला बोटीचं कौतुक होतं.

“बाय, आधी ही लय हिसकं मारायची. ताटातली आमटी सांडायची. आता बघा, पाळण्यागत डोलते. पोरं निवांत जेवतात.”

मी हातातलं काम थांबवलं. चांगली बोट कलली की झटकन परत येते, तिच्या हिसक्यानं माणूस वैतागतो. वर वजन चढलेली बोट सावकाश डुलते. एका बाजूला जाते, तिथं जराशी थांबते, विचार केल्यासारखी, आणि मग परत येते. माणसांना ते सुखाचं वाटतं. आमच्या धंद्यात त्या सुखाची भीती बाळगायला शिकवतात. बोट परत यायला वेळ लावते, कारण तिला परत आणणारा जोर कमी झालेला असतो.

चाचणी सुरू झाली. पहिला ठोकळा सरकवल्यावर ओळंबा जिथं यायला हवा होता त्याच्या दुप्पट लांब गेला. मी वहीत आकडा लिहिला. दुसरा ठोकळा, तिसरा. गणित करायची गरज नव्हती. मला कळलं होतं.

आवरून जेट्टीवर उतरले तर जनार्दन मागं आला.

“बाय, बरी हाय ना बोट?”

मी म्हणाले, “रिपोर्टमध्ये सगळं लिहून देते.”

एवढंच म्हणाले. आकडेमोड पुरी झाल्याशिवाय तोंडी काही बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम होता, आणि तो वाईट नियम नव्हता. घाईत बोललेली गोष्ट चुकली तर मालक कोर्टात जातात. पण नियम हे अर्धंच कारण होतं. मला तिथं उन्हात उभं राहून वाद नको होता. मालक ऐकेल, चिडेल, मग साहेबांना फोन जाईल, हे सगळं मला नको होतं. कागद हे काम माझ्यापेक्षा नीट करील असं मला वाटलं.

रिपोर्ट मी मन लावून लिहिला. इंग्रजीत, तक्त्यांसह. अमुक भार असताना बोट निकष पूर्ण करत नाही, वरची टाकी आणि माळा काढावा, तळात कायमचं वजन टाकावं, तोवर बोट समुद्रात नेऊ नये असं सुचवण्यात येत आहे. सगळं बरोबर होतं. मालकाला तो पोचला, पोचल्याची सही आली. मालकानं तो कपाटात ठेवला आणि बोट प्रमाणपत्राशिवाय तशीच धंद्याला लावली. हंगाम संपल्यावर काम करून घेऊ, असा त्याचा विचार होता, असं त्यानं नंतर चौकशीत सांगितलं.

बोट तीन आठवड्यांनी गेली. वादळ नव्हतं, वाराही बेताचाच होता. जाळ्यात मासळी भरपूर लागली होती. भरलेलं जाळं एका बाजूनं ओढून घेताना बोट त्या बाजूला कलली. वरची टाकी अर्धी होती, तिच्यातलं पाणीही त्याच बाजूला धावलं. बोट तिथं थांबली आणि परत आली नाही. सहा जण होते. चौघांना दुसऱ्या बोटीनं उचललं. जनार्दन आणि एक खलाशी मिळाले नाहीत.

चौकशीत माझा रिपोर्ट वाचून दाखवला गेला. चौकशी अधिकारी मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही सगळं लेखी कळवलं होतं. तुमचं काम चोख आहे.” कार्यालयात सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. आपला रिपोर्ट खरा ठरला, याचं त्यांना समाधान होतं. ते वाईट लोक नव्हते. मी पण दोन दिवस तसंच मानायचा प्रयत्न केला.

मग एका रविवारी मी जनार्दनच्या घरी गेले. जायला नको, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याची बायको रेखा अंगणात सुकट पसरत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं हात धुतले, मला खुर्ची दिली, आणि स्वतः पायरीवर बसली. रडली नाही.

“तुम्हीच का त्या ओळंबावाल्या बाय? सांगत होते ते. म्हणाले, बाय माणूस असून सगळ्या बोटीला उभं-आडवं मोजलं.”

मी हो म्हणाले.

“मंग तुम्हाला तवाच कळलं व्हतं?”

खोटं बोलता आलं असतं. चाचणीनंतर गणित करावं लागतं, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “त्याच सकाळी कळलं होतं.”

“मंग त्यांना का नाय सांगितलं?”

तिनं हे भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मालकाला कळवलं होतं, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तीच म्हणाली, “त्यांना वाचता येत नव्हतं. पण सांगितलेलं ते कधी इसरायचे नाय.”

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, यापुढे चाचणी झाली की मी तांडेलशी बोलल्याशिवाय जेट्टी सोडणार नाही.

“आकडेमोड व्हायच्या आधी?” ते म्हणाले. “नियम ठाऊक आहे ना?”

“आकडेमोड जेट्टीवरच करीन.”

त्यांनी मला समज देणारं पत्र दिलं. मी ते फाइलला लावलं आणि पुढच्या चाचणीला गणकयंत्र, कोरी वही आणि मदतीला एक सहकारी घेऊन गेले. दीड तासात ढोबळ उत्तर निघायचं. मग सुकाणू धरणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन, त्याला समजेल अशा भाषेत, हात धरून सांगायचं: ही टाकी अर्धी ठेवू नको, एक तर भर, नाही तर रिकामी कर. हे वर ठेवू नको. बोट सावकाश डुलायला लागली तर मासळी सोड, माणसं खाली बसव. काहींनी ऐकलं. काहींनी, ‘बाईला काय समुद्र कळतो,’ असं म्हणून मान फिरवली. पण सांगितलं गेलं नाही, असं पुन्हा झालं नाही. संशोधनाचे माझे चार निबंध छापून आले, त्यांची वह्यांतली टिपणं आता कुठं आहेत तेही आठवत नाही. जेट्टीवरची ती बोलणी मात्र माणसांच्या चेहऱ्यांसह आठवतात.

आता इकडचं सांगते. गुलमंडीतल्या दुकानदाराचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं होतं, पण इथंही पाणी आहे. जायकवाडी धरणाच्या फुगवट्याचं पाणी गंगापूर तालुक्यात दूरवर शिरलंय, आणि काही गावांना रस्त्यानं मोठा वळसा पडतो म्हणून लोक बोटीनं ये-जा करतात. माझी चुलत बहीण पंचशीला अशाच एका गावात दिली आहे. तिचे मिस्टर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून आम्ही काही नातेवाईक दुपारी परत निघालो. पंचशीला आम्हाला सोडायला बोटीतूनच अलीकडच्या काठापर्यंत निघाली.

बोट पत्र्याची होती, चितेगावच्या एका वेल्डरकडून करून घेतलेली, मागं इंजिन. ती चालवणारा भानुदास तिशी ओलांडलेला, कामसू माणूस. उन्हाळ्यात माणसांना सावली हवी म्हणून त्यानं लोखंडी पाइपांवर पत्र्याचं छप्पर घालून घेतलं होतं. त्या छपरावर त्या दिवशी कडब्याच्या पेंड्या रचल्या होत्या. खाली आम्ही, बहुतेक जण उभे. शिवाय हौसाबाई नावाची धनगर समाजातली म्हातारी आणि तिच्या दहा-बारा बकऱ्या. पाणी ओसरलं की पलीकडं गाळाच्या जमिनीत चारा होतो, तिथून ती परतत होती.

मध्यावर आलो आणि मला ते पायांतून जाणवलं. बोट डावीकडं गेली, थांबली, आणि मग आली. मी मनात मोजलं. एवढ्या लहान बोटीनं दोन-अडीच सेकंदांत फिरून यायला हवं. तिला पाच लागले. पुन्हा मोजलं. पाच.

अशा वेळी ओरडायचं नसतं. माणसं घाबरून एका बाजूला झाली, तर ज्याची भीती तेच होतं. मी आधी स्वतः खाली बसले, बोटीच्या तळाला, ओल्यात. मग हौसाबाईला म्हणाले, “मावशी, खाली बसा. बकऱ्या मधी घ्या, धरून ठेवा.”

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता बसली.

मग मी आवाज न चढवता सगळ्यांना सांगितलं, “जो जिथं आहे तिथंच खाली बसा. कुणी बाजू बदलू नका. बोट वरून जड झालीय, वजन खाली आणायचंय.”

“काय झालं? काय झालं?” दोघं-तिघं एकदम म्हणाले.

“काय झालं नाय,” मी म्हणाले. “बसलात तर होणारबी नाय.”

“ताई हेच काम करत व्हती जन्मभर,” पंचशीला म्हणाली. “बसा की!”

बरेच बसले. इस्त्रीची पांढरी पँट घातलेला एक पाहुणा मात्र पाइप धरून उभाच राहिला, खाली शेणपाणी होतं. हौसाबाई त्याला म्हणाली, “आरं बाबा, पँट धुता येती. बस खाली!” तो बसला.

“भानुदास,” मी म्हणाले, “सावकाश घे. झटक्यात वळवू नको.”

त्यानं रागानं माझ्याकडं बघितलं, पण इंजिनाचा आवाज उतरला. मी परत मोजलं. साडेतीन. काठाला लागेपर्यंत मी मोजतच होते. उतरल्यावर मी बाभळीखालच्या दगडावर जाऊन बसले.

भानुदास तिथं आला. “तुमी माझ्या बोटीचं नाव खराब केलं, बाई. तीन सालं झाली, लई लोकं नेली, काय नाय झालं कधी.”

“व्हय, नाही झालं,” मी म्हणाले. “उद्या सकाळी मला एक तास दे. पटलं नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही.”

रात्री मी पंचशीलाच्या नणंदेकडं अलीकडच्या गावात राहिले. सकाळी वारा नव्हता. छपराच्या पाइपाला सुतळी बांधून तिला एक जड नट लटकवला, खाली पाण्याची बादली ठेवली, बादलीवर लाकडी पट्टी आडवी. गव्हाची भरलेली पोती आणली. आधी छप्पर रिकामं ठेवलं. भानुदासला म्हणाले, हे एक पोतं डावीकडून उजवीकडं सरकव. त्यानं सरकवलं. सुतळी पट्टीवर दीड बोट हलली. त्यानंच खडूनं खूण केली. मग छपरावर आदल्या दिवशीएवढ्या पेंड्या रचून घेतल्या आणि तेच पोतं, तेवढंच सरकवायला लावलं.

सुतळी चार बोटांवर गेली.

भानुदासनं पोतं परत डावीकडं ओढलं, पुन्हा उजवीकडं सरकवलं. पुन्हा चार. तो उकिडवा बसून दोन्ही खुणांकडं बघत राहिला.

“एक पोतं,” तो म्हणाला. “कालच्याला किती माणसं व्हती मग?”

काठावर हौसाबाई बकऱ्या घेऊन बघत उभी होती. भानुदासची बायको आणि दोन लेकरं रोज त्याच बोटीनं यायची-जायची, हे मला मागून कळलं.

दीड महिन्यानं मी पंचशीलाकडं जायला पुन्हा त्या काठावर गेले. बोटीचं छप्पर नव्हतं. पाइप बुडाशी कापलेले होते, आणि वेल्डरनं टोकं घासून गुळगुळीत केली होती. आतल्या बाजूनं बसायला खाली फळ्या मारल्या होत्या. गावातल्या एका वजनदार माणसाचा गडी मोटरसायकल घेऊन आला आणि ती चढवायला लागला. बोट भरत आली होती.

“पुढच्या खेपेला,” भानुदास म्हणाला.

“भाऊंची गाडी हाय ही.”

“भाऊंना सांग, पुढच्या खेपेला. एकटीच नेतो तिला.”

गडी पुटपुटत मागं सरला. बोट सुटली. ऊन लागत होतं, कुणी रुमाल, कुणी पदर डोक्यावर घेतला होता, आणि बोट लहान लहान हिसके देत चालली होती. मला ते कापलेले पाइप नीट बघायचे होते, वेल्डिंगचा जोड कसा घासलाय ते. मी बोटीच्या कडेला धरून उठले.

“बाई,” मागून भानुदासचा आवाज आला, “खाली बसा. उभं राहायचं नाय माझ्या बोटीत.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बसले.